भूभू चालला कुवेतला!

मुंबई ते कुवेत. विमानाने साधारण सव्वाचार तास. एक सिनेमा, एक जेवण, एक डुलकी आणि धप्प! लँडिंग.

आता हाच प्रवास ब्रीडरकडच्या कोऱ्या करकरीत पिल्लाने करायचा म्हटला तर? माहीत आहे का? तयारीत चार-पाच महिने आरामात जातात! विमान तेच, आकाश तेच. वेळ खातात ते कागद.

कुवेतमधल्या सलव्यातल्या एखाद्या मराठी घरात पोरं हट्टाला पेटतात, 'आई, आपल्याला डॉगी हवाच!' मग पुण्याच्या काकाला फोन, कोल्हापूरच्या मामाला व्हॉट्सॲप. पिल्लू ठरतं, नाव ठरतं, इन्स्टाग्राम अकाउंटसुद्धा उघडतं. फक्त एक प्रश्न उरतो. हे गोंडस पार्सल आणायचं कसं?

बांधा सीटबेल्ट. शेपट्या आत घ्या. टेक-ऑफ!

गोव्यात नव्हे, सलव्यात!

आधी पत्ता. सलवा म्हणजे कुवेतच्या हवल्ली प्रांतातली वस्ती. एका अंगाला आखाताचं पाणी, दुसऱ्या अंगाला फहाहील एक्स्प्रेसवे. शेजारी रुमैथिया आणि मिश्रेफ. इथे पत्ता सांगतात तो ब्लॉक, स्ट्रीट आणि घर नंबर असा. 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीजवळ' इथे चालत नाही. क्रेटवर पत्ता लिहिताना ब्लॉक नंबर राहिला, तर भूभू गावभर भू-भू करत फिरेल!

उलटी गंगा

माहीत आहे का? पूर्वी चार पायांचे प्रवासी कुवेतहून मुंबईला यायचे! १९व्या शतकात कुवेतच्या बंदरातून अरबी घोडे गलबतांनी मुंबईच्या बाजारात उतरत. तिकडून घोडे आणि खजूर, इकडून सागवान आणि मसाले. आणि पैसे? कुवेतमध्ये १९६१पर्यंत चक्क रुपया चालायचा! म्हणजे आजोबांच्या काळात तिथे पिल्लू विकत घेतलं असतं, तर एक्स्चेंज रेटची भानगडच नव्हती.

आखाताचा स्वतःचा स्टार

वाळवंटात कुत्रा म्हटलं की सलुकी. लांब पाय, सडपातळ कंबर, झालरीचे कान आणि चेहऱ्यावर 'मी खानदानी आहे' असा भाव. बेदुइन लोकांनी शिकारीसाठी जिवापाड जपलेली ही जात. इंग्लंडमध्ये सलुकींचा नीट वंश सुरू झाला तो १८९५मध्ये फ्लोरेन्स ॲमहर्स्ट या बाईंनी मध्यपूर्वेतून जोडी मागवली तेव्हा. लाँग डिस्टन्स डिलिव्हरी, तीही शिडाच्या आणि वाफेच्या जमान्यात!

मुधोळ टू बकिंगहॅम

आता आपला हीरो. मुधोळ हे आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पण संस्थान होतं मराठा घोरपड्यांचं! तिथले शिकारी कुत्रे, म्हणजे आपले कारवान, राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिले. साहेब खूश, कुत्र्यांचं नाव साता समुद्रापार.

गंमत पुढे आहे. या मुधोळ कुत्र्यांचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातून काफिल्यांबरोबर दख्खनेत आलेले सलुकीसारखे कुत्रे, असं मानलं जातं. म्हणजे सलव्यातल्या मराठी कुटुंबाने मुधोळचं पिल्लू नेलं, तर ते माहेरीच निघालं म्हणायचं!

आणि हो, २००५मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. पिल्लू पोस्टाने जात नाही, पण पोस्टावर जातं!

वय किती बाळाचं?

'आठवड्याभरात पाठवतो साहेब, एक महिन्याचं आहे, एकदम क्यूट!' असं म्हणणारा ब्रीडर भेटला, तर फोन ठेवा.

माहीत आहे का? भारतात २०१७पासून कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी वेगळे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि लस व मायक्रोचिप दिल्याशिवाय हातात द्यायचं नाही. एका मादीची आयुष्यात जास्तीत जास्त पाच बाळंतपणं, बस्स!

आता गणित करा. आठ आठवड्यांनी पिल्लू आईपासून सुटलं. रेबीजची लस सहसा तीन महिने पूर्ण झाल्यावर. लस अंगी लागायला आणखी काही आठवडे. भारतातून येणाऱ्या कुत्र्याच्या रक्ताची रेबीज टायटर टेस्ट अनेक देश मागतात. त्यात पास व्हायला प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट हवं. नमुना घ्या, लॅबला पाठवा, रिपोर्टची वाट बघा.

तोवर 'पिल्लू' दात पाडून पक्के दात दाखवायला लागलेलं असतं!

खांद्यात आधार कार्ड

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी. मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये इंजेक्शनने टोचतात. बॅटरी? नाही. जीपीएस? तेही नाही! 'चिप आहे ना, मोबाइलवर दिसेल कुठे गेला ते' असं समजणारे पुष्कळ आहेत. त्यांना सांगा, स्कॅनर जवळ नेल्याशिवाय ही चिप तोंडातून ब्र काढत नाही. आणि काढते तेव्हा फक्त १५ आकडे सांगते.

एक टिप फुकट. चिप आधी, रेबीजची लस नंतर. उलटं केलं, तर ती लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? अनेक देश अशी लस धरतच नाहीत. डोस पुन्हा, वाट पाहणं पुन्हा.

आठवडा चार दिवसांचा!

माहीत आहे का? भारत-कुवेत कागदपत्रांचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो! कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. भारतात शनिवार-रविवार. दोन्हीकडची ऑफिसं एकाच दिवशी उघडी सापडतात ती फक्त सोमवार ते गुरुवार. त्यात रमजानमध्ये कुवेतची कामाची वेळ कमी, आणि आपल्याकडे गणपती, दसरा, दिवाळी. कॅलेंडर दोन ठेवा, काळनिर्णय एक आणि हिजरी एक.

कागद कुठले? कुवेतच्या बाजूने कृषी आणि मत्स्यसंपदा सार्वजनिक प्राधिकरणाचा आयात परवाना. हो, मासे आणि भूभू एकाच छपराखाली! भारताच्या बाजूने ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसचं निर्यात प्रमाणपत्र. मुंबईत त्यांचं केंद्र आहे. शिवाय लसीकरणाचं कार्ड, चिपचा नंबर, व्हेटचं फिटनेस सर्टिफिकेट. या सर्टिफिकेटचं आयुष्य अगदी थोड्या दिवसांचं. लवकर काढलं तर शिळं, उशिरा काढलं तर विमान गेलं!

भूमितीचा तास

शाळेत विचारायचात ना, 'हे गणित आयुष्यात कुठे उपयोगी पडणार?' इथे!

विमान कंपन्यांची संघटना आयाटा दरवर्षी जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीचं नियमांचं पुस्तक काढते. त्यात क्रेटचं सूत्र आहे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्या, त्यात पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचं अर्ध मिळवा. झाली क्रेटची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट करा. झाली रुंदी. उभं राहिल्यावर डोक्याचं किंवा कानाचं टोक जिथे पोचतं, तिथपर्यंत उंची, अधिक खालच्या गादीची जाडी.

टेप घेऊन बसा. समजा बीगलचं पिल्लू आहे. लांबी ५० सेंटिमीटर, कोपराची उंची २०, खांदे २०, उभी उंची ४२, गादी ३. क्रेट आला ६० बाय ४० बाय ४५. पिल्लाला आत उभं राहता, वळता आणि पसरून लोळता आलं पाहिजे, एवढाच या सगळ्याचा अर्थ.

आणि हो, माप प्रवासाच्या दिवसाचं हवं! आज मोजून आज क्रेट घेतला, तर दोन महिन्यांनी त्यात फक्त डोकं मावेल.

वजन ६ किलो, बिल १८ किलो!

हा धक्का बसून घ्या. म्हणजे, खाली बसून घ्या.

कार्गोत पैसे नुसत्या खऱ्या वजनाचे लागत नाहीत. खरं वजन आणि आकारमानी वजन यांतलं जे जास्त, त्याचे लागतात. आकारमानी वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ६०००. आपल्या बीगलचा क्रेट? ६० गुणिले ४० गुणिले ४५ म्हणजे १,०८,०००. भागिले ६००० म्हणजे १८ किलो.

पिल्लू सहा किलोचं, बाकी बारा किलो क्रेट आणि शुद्ध हवा. तीही पुण्याची!

पगची पंचाईत

२००३ची हच मोबाइलची जाहिरात आठवते? मुलाच्या मागेमागे सगळीकडे जाणारा तो इवलासा पग? त्यानंतर भारतभर पगची लाट आली. पण माहीत आहे का? हा पठ्ठ्या सगळीकडे मागे येतो, फक्त विमानात अडतो!

पग, बुलडॉग, शित्झू, बॉक्सर ही चपट्या नाकाची मंडळी. त्यांचा श्वासमार्ग आखूड. उष्णता आणि ताण त्यांना सोसत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने मे २००५ ते मे २०१० या काळातली आकडेवारी जाहीर केली, तेव्हा विमान प्रवासात दगावलेल्या १२२ कुत्र्यांपैकी जवळपास निम्मे चपट्या नाकाचे निघाले. म्हणून अनेक एअरलाइन त्यांना सरळ नाही म्हणतात. घेतलंच तर क्रेट १० टक्के मोठा लागतो.

वरच्याच मापाचा पग असता, तर १८ किलोचं बिल २४ किलोवर जातं. नाक छोटं, खर्च मोठा!

५३.९!

हा कुठल्या रेडिओ स्टेशनचा नंबर नाही. २१ जुलै २०१६ला कुवेतच्या मित्रिबाह इथे नोंदलेलं तापमान आहे, सेल्सियसमध्ये! जागतिक हवामान संघटनेने तपासून शिक्कामोर्तब केलेला आशिया खंडाचा विक्रम.

आता दुसरा आकडा. अमेरिकेच्या नियमांत कुत्र्याला टर्मिनल ते विमान नेताना ४५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ सोसू देऊ नये असं तापमान आहे २९.५ सेल्सियस. कुवेतमध्ये उन्हाळ्यात मध्यरात्रीही पारा याच्या वर असतो!

त्यामुळे अनेक एअरलाइन उन्हाळ्यात आखाती शहरांसाठी प्राणी घेणंच बंद करतात. विमानाच्या आत गारवा असतो. धोका असतो तो बाहेर तापलेल्या विमानतळावर क्रेट उतरवताना. मुहूर्त कधीचा काढायचा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तुळशीच्या लग्नानंतर माणसांचे मुहूर्त निघतात, भूभूचेही तेव्हाच काढा.

साहेब केबिनमध्ये, भूभू पोटात

माहीत आहे का? आखातातल्या काही विमानांत कुत्र्याला सीटजवळ बसता येत नाही, पण ससाण्याला येतं! कतार एअरवेजच्या इकॉनॉमी केबिनमध्ये प्रवाशामागे एक याप्रमाणे जास्तीत जास्त सहा ससाणे चालतात. एमिरेट्सही केबिनमध्ये पाळीव प्राणी घेत नाही, अपवाद दुबई ते पाकिस्तानातली काही शहरं या मार्गावरच्या ससाण्यांचा. संयुक्त अरब अमिरातीत तर ससाण्यांना स्वतःचा पासपोर्ट मिळतो!

भूभूने भुंकून निषेध नोंदवला तरी उपयोग नाही. इथे राज्य पंखांचं.

तीन कोड, एक शेपूट

बुकिंग करताना कानावर पडतील असे शब्द पाठ करा. 'पीईटीसी' म्हणजे केबिनमध्ये मालकाजवळ. 'एव्हीआयएच' म्हणजे त्याच विमानाच्या पोटात, सामानाबरोबर. नुसतं 'एव्हीआय' म्हणजे कार्गोतून जाणारा जिवंत प्राणी. चुकीचा कोड म्हणजे चुकीचा काउंटर, आणि चुकीचा काउंटर म्हणजे पहाटे तीन वाजता 'साहेब, कार्गो टर्मिनल पलीकडे आहे!'

कॅप्टनला ठाऊक असतं

'अरे बापरे, विमानाच्या पोटात? तिथे हवा असते का?' हा आजीचा पहिला प्रश्न. असते, आजी! प्राणी ठेवतात त्या भागात हवेचा दाब केबिनइतकाच असतो आणि तापमानही सांभाळलं जातं. आणि आपल्या पोटात कोण बसलंय, याची लेखी सूचना उड्डाणाआधी कॅप्टनच्या हातात पडते.

ती नुसती फॉर्मॅलिटी नाही बरं. सप्टेंबर २०१५मध्ये एअर कॅनडाचं तेल अविव ते टोरांटो विमान मध्येच फ्रँकफर्टला उतरलं. कारण? कार्गोतला हीटर बिघडला होता आणि तिथे सिंबा नावाचा फ्रेंच बुलडॉग होता. उशीर सव्वा तास, जादा इंधन हजारो डॉलरचं. सिंबा सुखरूप दुसऱ्या विमानाने घरी! लायन किंग नव्हता तो, फ्लाइंग किंग होता.

झोपेची गोळी? नो, नो!

'थोडं गुंगीचं औषध देऊ का? बिचारं झोपेल.' नको! आयाटाचं म्हणणं स्पष्ट आहे, गुंगी देऊ नका. उंचीवर रक्तदाब आणि श्वासावर त्याचा परिणाम होतो, क्रेट हलला तर तोल सावरता येत नाही. झिंगलेला भूभू अनेक एअरलाइन काउंटरवरूनच परत पाठवतात.

त्याऐवजी जुनी युक्ती. क्रेट महिनाभर आधी घरात आणा, दार उघडं ठेवा, जेवण आतच द्या. पिल्लू स्वतःहून आत जाऊन घोरायला लागलं, की समजा बोर्डिंग पास मिळाला.

बर्फाची वाटी, बाबांचा टी-शर्ट

क्रेटच्या दारावर अडकवायची पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. भरताना बर्फ, म्हणून सांडत नाही. उडताना वितळतो, म्हणून चाटता येतं. फुल मार्क!

आत घरातल्या कुणाचा तरी न धुतलेला टी-शर्ट. हो, न धुतलेला! एरवी आई ओरडते, इथे मागून घेते. पिल्लाला त्या वासाचा आधार असतो.

क्रेटला चाकं असतील तर काढायची. प्लॅस्टिकच्या क्लिपा नकोत, नट-बोल्ट हवेत. 'लाइव्ह ॲनिमल'चं हिरवं लेबल आणि वरची बाजू दाखवणारे बाण हवेत. पिल्लू उलटं पोचलं, असं व्हायला नकोय.

तीन भावंडं, एक खोली

माहीत आहे का? आयाटाच्या नियमांप्रमाणे एकाच वेतातली, सहा महिन्यांच्या आतली तीन पिल्लं एका क्रेटमधून जाऊ शकतात! सलव्यातल्या तीन मराठी घरांनी मिळून एकाच ब्रीडरकडून भावंडं घेतली, तर? क्रेट एक, भांडणं तीन. अर्थात, आधी एअरलाइनला विचारा. तिचा शब्द शेवटचा.

गार्डसाहेब, जरा बघा हं!

पण पिल्लू मुंबईपर्यंत पोचणार कसं? कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने यायचं असेल, तर दोन वाटा. एक, फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर कुत्रा तुमच्याजवळ. दोन, पार्सल ऑफिसात बुकिंग करून गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपरमध्ये नेता येत नाही; तिथे घोरायचा हक्क फक्त माणसांचा.

भारतात प्राणी वाहतुकीचे नियम १९७८चे आहेत, आणि त्यांत कुत्र्यांचं टाइमटेबल आहे! पाणी उन्हाळ्यात दर चार तासांनी, हिवाळ्यात दर सहा तासांनी. मोठ्या कुत्र्याला जेवण बारा तासांतून एकदा, पिल्लाला दर चार तासांनी. एवढं वेळेवर जेवण रेल्वेत माणसांना तरी मिळतं का?

हॉल ऑफ फेम

आता जरा इतिहासाचा फेरफटका. सगळे फ्रीक्वेंट फ्लायर इथे हजर!

हाचिको. स्टेशनवर मालकाची वाट पाहणारा जगप्रसिद्ध जपानी कुत्रा. पण माहीत आहे का, तो स्वतःच लांब पल्ल्याचं पार्सल होता! जानेवारी १९२४मध्ये, जेमतेम दोन महिन्यांचा असताना, ओदाते गावाहून टोकियोला प्राध्यापक उएनोंकडे तो तांदळाच्या गोणीत घालून रेल्वेने आला. प्रवास सुमारे वीस तासांचा. पोचला तेव्हा इतका गळून गेला होता, की मेलाच असं वाटलं. दूध पाजल्यावर डोळे उघडले. आज कुणी असं पाठवलं, तर आयाटा डोळे वटारेल.

ओनी. अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या टपाल कचेरीत १८८८च्या सुमारास आलेला भटका. टपालाच्या थैल्यांवर झोपायचा, रेल्वेच्या टपाल डब्यातून देशभर हिंडायचा. १८९५मध्ये तर टपालाबरोबर जगाची फेरी मारून आला! गावोगावच्या लोकांनी त्याच्या पट्ट्याला इतके बिल्ले लावले, की चालताना तो खुळखुळायचा.

पुशिंका. १९ ऑगस्ट १९६०ला अंतराळात जाऊन दुसऱ्या दिवशी जिवंत परतलेल्या स्त्रेल्काची ही लेक. १९६१मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी ती थेट अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी भेट पाठवली. मॉस्को ते व्हाइट हाउस! अमेरिकनांनी आधी तिच्या अंगात हेरगिरीचं यंत्र लपवलेलं नाही ना, हे तपासलं. नंतर तिचं केनेडींच्या चार्ली या कुत्र्याशी जमलं आणि चार पिल्लं झाली. शीतयुद्ध बाहेर, प्रेमप्रकरण आत!

लूटी. १८६०मध्ये बीजिंगच्या ग्रीष्म महालाच्या लुटीत इंग्रज कॅप्टन डन यांना हे इवलं पेकिनीज मिळालं. त्यांनी ते राणी व्हिक्टोरियाला दिलं आणि नाव पडलं लूटी. निदान लपवलं तरी नाही!

जुनागडचा नवाब. १९४७मध्ये विमानाने कराचीला निघाला. व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरच्या पुस्तकात एक ऐकीव किस्सा दिला आहे. एक बेगम महालात राहिलेलं मूल आणायला परत गेली, तेवढ्यात नवाबाने रिकाम्या जागेवर आणखी दोन कुत्रे चढवले आणि विमान उडवलं! एक्सेस बॅगेजची याहून भारी गोष्ट असेल तर कळवा.

कुवेतचा महाविक्रम

वाहतुकीचा विषय आणि कुवेतचं नाव निघालं, की १९९० आठवतंच. २ ऑगस्टला इराकने आक्रमण केलं. अडकलेले भारतीय जॉर्डनमधल्या अम्मानला पोचले आणि तिथून ५९ दिवसांत ४८८ उड्डाणांनी लाखाहून जास्त लोक मायदेशी आले. नागरी विमान कंपनीने केलेली सर्वांत मोठी सुटका म्हणून एअर इंडियाचं नाव गिनेसमध्ये गेलं. तेव्हा कुवेत सोडलेल्या अनेक घरांतली पोरं मोठी होऊन आज तिथेच नोकरीला आहेत, आणि त्यांची पोरं डॉगी मागताहेत!

स्वस्तात मस्त? सावधान!

फोटो झकास. किंमत अर्धी. 'पिल्लू फ्री, फक्त शिपिंग भरा.' मग विमानतळावरून 'एजंट'चा मेल. खास एसी क्रेट लागेल, डिपॉझिट भरा. मग विमा भरा. मग लसीचा दंड भरा. तुम्ही भरत जाता, पिल्लू कधीच येत नाही. कारण ते कधी नव्हतंच!

ही फसवणूक जगभर चालते. पाळीव प्राण्यांच्या वाहतूकदारांची आंतरराष्ट्रीय संघटना इपाटा, स्थापना १९७९, या फसवणुकीविरुद्ध सतत इशारे देते. उतारा सोपा आहे. फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून शोधा; तोच भूभू पाच देशांत विकायला दिसला तर पळा. व्हिडिओ कॉल करा, पिल्लाबरोबर त्याची आईही दाखवायला सांगा. आणि एअर वेबिलचा नंबर स्वतः एअरलाइनच्या कार्गो ऑफिसला विचारून तपासा. भोळा डॉगी चालतो, भोळा मालक नाही.

रिटर्न तिकिटाचं काय?

माहीत आहे का? न्यायला जितका घाम, त्याहून जास्त परत आणायला! पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्रे आणायला भारताने २०१६मध्ये बंदी घातली. दोन वर्षं परदेशात सलग राहून कायमचे परतणाऱ्यांना सामानाबरोबर जास्तीत जास्त दोन पाळीव प्राणी आणता येतात. सुट्टीला आठ दिवस आलात आणि बरोबर भूभू, असं सहजासहजी जमत नाही. तेव्हा नोकरीचं काँट्रॅक्ट किती वर्षांचं आणि कुत्र्याचं आयुष्य किती वर्षांचं, हे दोन आकडे शेजारी लिहून बघा. दुसरा आकडा बहुतेक वेळा मोठा निघतो.

वेलकम टू सलवा!

पोचलं एकदाचं. पहिल्या रात्री पार्टी नको, शेजाऱ्यांची रांग नको. पाणी, थोडं नेहमीचंच खाणं आणि शांत कोपरा. कुवेतचं घड्याळ भारतापेक्षा अडीच तास मागे. पिल्लाचं पोट मात्र भारतीय वेळेवर! पहाटे साडेतीनला ते 'सहा वाजले, उठा' म्हणून पायाशी आलं, तर त्याचं काही चुकलेलं नाही.

फिरायला नेताना आधी तुमचा तळहात फुटपाथवर टेकवा. सात सेकंद ठेवता आला नाही, तर त्याचे पंजेही ठेवू नका. उन्हाळ्यात फेरी पहाटे किंवा रात्रीच.

जाता जाता

सगळं वाचून दमलात? मग शॉर्टमध्ये. परवाना आधी, पिल्लू नंतर. चिप आधी, लस नंतर. क्रेटची सवय आधी, तिकीट नंतर. प्रवास थंडीत, थेट विमानाने, आणि चपट्या नाकाची जात शक्यतो नकोच. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी प्राधिकरण आणि एअरलाइन दोघांकडून ताजी यादी लेखी घ्या.

आणि चार-पाच महिने थांबायची तयारी नसेल, तर कुवेतमध्येच घर शोधणारे कितीतरी कुत्रे आहेत. परत जाणाऱ्या कुटुंबांनी मागे ठेवलेले, रस्त्यावरून वाचवलेले. त्यांना ना परवाना लागतो, ना टायटर, ना ६०००ने भागाकार. ब्रीडरला फोन करण्याआधी एकदा त्यांना भेटून या!